डोळ्यांनी जुळवलेला गंधार

इब्राहिमचा फोन आला तेव्हा मी पोलादपूरच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. सकाळचे साडेनऊ झाले असतील. इब्राहिम तुडीलचा, सुधाकरचा आणि माझा फार जुना मित्र. फोनवर तो आधी तब्येत विचारतो, मग पावसापाण्याचं बोलतो आणि शेवटी कामाचं. त्या दिवशी त्यानं काहीच विचारलं नाही. "बाई, महाडला या. सुधाकर गेला," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "कुठे गेला?" ...खरंच विचारलं मी. गेला म्हणजे कुठेतरी कार्यक्रमाला गेला, असंच डोक्यात आलं. मग तो म्हणाला, "हायवेला. डंपर मागे येत होता. त्याला कळलंच नाय." ते 'कळलंच नाय' त्यानं असं काही उच्चारलं, की आमच्या दोघांच्या मनात एकच गोष्ट आली आहे हे मला उमगलं. ती गोष्ट तेव्हा त्याच्या घराबाहेर आम्हा दोघांनाच माहीत होती. आज पाच आठवड्यांनी ती मी इथे लिहिते आहे, सुधाकरच्या बायकोला, कुसुमवहिनींना विचारून लिहिते आहे.

सुधाकर महाडचा. शाळा सुटल्यावर दोन वर्षं मुंबईला मामाकडे राहिला आणि तिथल्या एका बँडवाल्याकडून मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार शिकून परत आला. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या नख्यांनी तारा छेडायच्या. त्या काळात आमच्या भागात बाजाची पेटी, बुलबुल, ढोलकी, फार तर क्लॅरिनेट एवढंच ऐकायला मिळायचं. मी डी.एड. करत होते आणि आमच्या वाडीच्या मंडळात भीमगीतं म्हणत होते. एका जयंतीला महाडची पार्टी आमच्याकडे आली, त्यांची गायिका तापानं आजारी पडलेली, म्हणून मला उभं केलं. मी पहिली ओळ म्हणून थांबले आणि मागून त्या गिटारीनं तीच ओळ उचलली... म्हटलेलीच ओळ, पण शेवटचा स्वर असा हळूच खाली आणला की मी पुढचा शब्द विसरले. कार्यक्रम संपल्यावर तो म्हणाला, "तू घाबरलीस व्हय? मला वाटलं तू मुद्दाम थांबलीस." तेव्हापासून पस्तीस वर्षं मी गायले आणि तो माझ्या मागे बसला. मी श्वास कुठे घेणार ते त्याला माझ्याआधी कळायचं. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात आणि तो गेल्यावर मी वर्षभर गाणं सोडलं होतं, तेव्हा तो दर महिन्याला एसटीनं पोलादपूरला यायचा, चहा प्यायचा, गाण्याचं नावही न काढता निघून जायचा. एक दिवस मीच म्हटलं, "गिटार का नाही आणलीस?" तो म्हणाला, "स्टँडवर ठेवून आलोय. दर वेळेला तिथंच ठेवतो."

गाण्यावर पोट भरत नाही म्हणून तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. सव्वीस वर्षं त्यानं कॉम्प्रेसरच्या खोलीत काढली. एकदा मी त्याला डबा द्यायला वहिनींबरोबर गेटपर्यंत गेले होते. तिथपर्यंत तो घरघराट पायांतून वर येत होता. कानात घालायचे बोळे कंपनी द्यायची. तो ते घालायचा नाही. म्हणायचा, बोळे घातले की बेअरिंग कधी ओरडायला लागलं ते समजत नाही. ज्या कानानं तो यंत्राचा बिघाड ओळखायचा तोच कान ते यंत्र रोज थोडा थोडा खात होतं. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

इब्राहिम तेव्हा आखातात एका हॉटेलात मेंटेनन्सला होता. तिथला बँड बंद पडला, वादक आपापल्या देशी गेले आणि एक वाद्य स्टोअररूममध्ये पडून राहिलं. ते कुणालाच नको होतं. इब्राहिमनं फोटो पाठवला आणि सुधाकर तीन दिवस तो फोटो खिशात घेऊन फिरला. पेडल स्टील गिटार. दहा तारांची, चार पायांवर उभी. खाली तीन पेडलं आणि गुडघ्यांनी ढकलायच्या चार कांड्या. पेडल दाबलं की एखाददुसरी तार तेवढीच वर चढते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. म्हणजे एक स्वर स्थिर ठेवून त्याच्या शेजारचा त्याच्याकडे चालत येतो. सुट्टीवर येताना इब्राहिम ती पेटीत घालून घेऊन आला. सुधाकरच्या पुढच्या खोलीत कुसुमवहिनींचं शिवणयंत्र होतं, त्याच्या शेजारी ही उभी राहिली. वाडीतल्या बायका म्हणायला लागल्या, कुसुमच्या घरी आता दोन शिवणयंत्रं. पुराच्या वर्षी सावित्रीचं पाणी घरात शिरायला लागलं, तेव्हा नवरा-बायकोनं आधी ही गिटार माळ्यावर चढवली आणि मग शिवणयंत्र. टीव्ही वाहून गेला. वहिनी ते सांगताना हसायच्या.

हे वाद्य लावणं म्हणजे मोठा खटाटोप. दहा तारा तर लावायच्याच, पण प्रत्येक पेडल आणि प्रत्येक कांडी दाबल्यावर जो स्वर होतो तोही वेगळा लावायचा. वीस-बावीस जागा होतात. सुधाकर ते सगळं कानानं करायचा. स्टेजमागे भिंतीकडे तोंड करून बसायचा, दहा मिनिटांत वाद्य तयार. पेटीवाल्याशी त्याचं कायम भांडण असायचं ते गंधारावरून. पेटीचा गंधार किंचित चढा असतो, गळ्यातला गंधार त्याहून खाली बसतो. "हिला पेटी म्हणत नाय मी, ही खोटं बोलते," असं तो पेटीवाल्याच्या तोंडावर म्हणायचा, आणि आपला गंधार माझ्या गळ्याशी लावायचा.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मार्चमधला चवदार तळ्याचा दिवस. सकाळपासून माणसांचा लोंढा, ठिकठिकाणी स्टेज, लाउडस्पीकर. दुपारी आमची पाळी आली. मी सूर लावला आणि मागून गिटार आली ती उतरलेली. सगळी नाही. खालच्या तारा ठीक होत्या, वरच्या दोन-तीन मात्र सरळ सरळ बेसूर. मला वाटलं उन्हानं तारा सैल पडल्या असतील, तो आत्ता नीट करेल. त्यानं केल्या नाहीत. डोळे मिटून तो तसाच वाजवत राहिला, चेहऱ्यावर तो नेहमीचा, पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा आनंद. ढोलकीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली आणि जोरात गायले, म्हणजे गिटार झाकली जाईल. नंतर एसटी स्टँडसमोर चहा पिताना त्यानं विचारलं, "आज बरं झालं ना गो?" मी म्हटलं, "छान झालं." ...हे मी पहिलं खोटं बोलले.

मग आणखी दोन कार्यक्रम तसेच गेले. तिसऱ्याला आयोजकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, पुढच्या खेपेला तुम्ही या, पण ती गिटार नको. तुम्हीच सांगा त्यांना, आम्हाला जमणार नाही." मला तरी कुठे जमणार होतं? आठ दिवस घालवून एका सकाळी मी महाडला गेले. वहिनी मशिनवर ब्लाउज शिवत होत्या, तो दारात बसून पेपर वाचत होता. मी त्याच्या मागे उभी राहून हाक मारली. मग पुन्हा. त्यानं पान उलटलं. वहिनींनी मशीन थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या. त्यांना सगळं माहीत होतं. मी पुढे येऊन त्याच्यासमोर बसले आणि म्हटलं, "सुधाकर, तुला ऐकू येतं का?" तो चिडेल असं वाटलं होतं. त्यानं पेपराची घडी घातली, आणखी एक घडी घातली, अगदी लहान होईपर्यंत घालत राहिला. मग म्हणाला, "खालचं येतं. वरचं नाय येत. वरती नुसती शिट्टी वाजत असते, दिवसरात्र." मी विचारलं, कधीपासून? "तुझा आवाज बारीक व्हायला लागला ना, तेव्हा वाटलं तू म्हातारी झालीस. मग पोरीचा पण आवाज बारीक व्हायला लागला."

कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. तपासणीचा कागद बघून डॉक्टर म्हणाले, आवाजात काम केलेल्या माणसांचं असंच होतं, गेलेलं परत येणार नाही; कानाचं मशीन लावा आणि दिवसभर लावून ठेवा, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. पंधरा दिवसांसाठी वापरून बघायला मशीन मिळालं. सुधाकरनं ते सतरा दिवस लावलं, दोन दिवस वहिनींच्या हट्टापायी जास्तीचे. माणसांचं बोलणं कळायला लागलं, दाराची कडी वाजलेली कळायला लागली. वहिनींना हायसं वाटलं. पण गिटारीवर बसला की तो घामाघूम व्हायचा. "पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं येतं," म्हणायचा. "ही माझी गिटार नाय. कोण तरी दुसरा वाजवतोय, आणि घाण वाजवतोय." अठराव्या दिवशी त्यानं मशीन परत केलं. आणि त्याच संध्याकाळी इब्राहिमला बोलावून म्हणाला, कानानं नाय तर डोळ्यानं लावेन. इब्राहिमनं हॉटेलातल्या त्या बँडवाल्याकडे पाहिलं होतं, एक चपटा डबा, त्यावर उजेडाचे पट्टे धावायचे. त्याला स्ट्रोब ट्यूनर म्हणतात.

आम्ही तिघं थंडीच्या दिवसांत वरंध घाटातून पुण्याला गेलो, इब्राहिमच्या गाडीत मागे गिटार आडवी टाकून. हे मी सविस्तर लिहिते, कारण सुधाकर काय होता ते मला त्या दिवशी जितकं दिसलं तितकं आधीच्या सगळ्या वर्षांत दिसलं नव्हतं. दुकानदार तरुण आणि सालस होता, पण पेडल स्टील त्यानं फोटोतच पाहिलेली. त्यानं काउंटरवर चार प्रकार मांडले आणि म्हणाला, "काका, कुठलाही घ्या, सगळे चालतात." सुधाकरनं आधी मोबाइलमधलं ॲप बघितलं आणि मला म्हणाला, "टाळ्या वाजव." मी वाजवल्या, ॲप गोंधळलं. स्टेजवर ढोलकी असते, हे चालणार नाही. दुसरा गिटारीला चिमट्यानं लावायचा काट्याचा ट्यूनर. काटा थरथरत कुठेतरी मध्ये आला की हिरवा दिवा लागायचा. सुधाकरनं तार मुद्दाम किंचित उतरवली. हिरवा. आणखी किंचित. तरी हिरवाच. त्यानं माझ्याकडे बघितलं, "आता बरोबर हाय?" मी मान हलवली, नाही. "मग हा पण पेटीवालाच," म्हणून त्यानं तो बाजूला सारला.

उरले दोन, दोन्ही स्ट्रोबचे. गिटारीची वायर थेट त्यांच्यात जात होती, म्हणजे बाहेरच्या गोंगाटाचा प्रश्न नव्हता. तार छेडली की पडद्यावर पट्टे धावत. तार उतरलेली असेल तर डावीकडे, चढलेली असेल तर उजवीकडे, आणि जेवढा फरक कमी तेवढे हळू. तार तंतोतंत लागली की पट्टे जागच्या जागी उभे. पहिल्याचा पडदा मोठा, लांबून दिसेल असा. दुसरा लहान, पण त्यात प्रत्येक तारेचा स्वर आपल्याला हवा तेवढा खाली-वर करून साठवून ठेवता येत होता. दुकानदार म्हणाला, "तुमच्या वयाला मोठ्या पडद्याचा बरा." सुधाकरला ते ऐकू गेलं नाही, मी त्याच्यासमोर येऊन पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "ह्यांना विचार, मोठ्यात गंधार हलवता येतो काय?" दुकानदाराला गंधार कळेना. मग मी तिथेच, गिऱ्हाइकं असताना, षड्ज लावून गंधार म्हणून दाखवला आणि सुधाकरनं तारेवर पेटीचा गंधार वाजवला. दोन्हींमधला फरक ऐकून दुकानदाराचे डोळे मोठे झाले. मोठ्यात तो हलवता येत नव्हता. तरी सुधाकर लगेच ठरवेना. त्यानं दोन्ही डबे दुकानाबाहेर उन्हात नेऊन बघितले, कारण आमचे कार्यक्रम भर दुपारी मांडवात होतात. फुटपाथवर उकिडवा बसून, हाताचा आडोसा करून तो तो लहानसा पडदा वाकडा-तिकडा करत होता, येणारे-जाणारे बघत होते. "तिरका धरला की दिसतो," म्हणाला. लहानच घेतला.

पुढचा महिनाभर मी आठवड्यातून दोनदा महाडला जात होते. मी षड्ज लावून गंधार म्हणायची. तो माझ्या तोंडाजवळ माइक धरून पडद्याकडे बघायचा, पट्टे थांबेपर्यंत बटण दाबत राहायचा आणि आकडा वहीत टिपायचा. पेटीच्या दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग धरले, तर पेटीच्या गंधारापेक्षा चौदा भाग खाली. एका दिवशी तेरा, एका दिवशी पंधरा, पण फिरून फिरून चौदावर. दहा तारा, तीन पेडलं, चार कांड्या... प्रत्येक जागा आम्ही तशी ठरवली. काम संपलं त्या दिवशी त्यानं सगळं वाद्य एकट्यानं लावलं, फक्त डोळ्यांनी. मी त्याच्याकडे पाठ करून बसले होते. पहिल्यांदा सगळ्या तारा एकदम छेडल्या तेव्हा मी लगेच वळलेच नाही. "काय झालं? चुकलं?" त्यानं घाबरून विचारलं. मी वळून सांगितलं, "नाही. लागलं." तो त्या तारांवर तळहात ठेवून बसला. म्हणाला, "मला नाय समजलं, पण तू सांगतेस म्हणजे लागलं."

त्यानंतर तीन वर्षं चांगली गेली, असं लोक म्हणतील. कार्यक्रम पुन्हा मिळू लागले. तो डबा तो गिटारीच्या पेटीत लपवून ठेवायचा, स्टेजमागे लावायचा आणि झाकायचा. त्यानं आम्हाला कुणाला सांगू दिलं नाही. डाव्या हातातली कांडी तो पट्टीवरच्या खुणा बघून सरकवायचा, आता डोळे मिटून नव्हे. मला मात्र ऐकू येत होतं... चूक एकही नसायची, पण पहिल्या दिवशी जो स्वर त्यानं हळूच खाली आणला होता, तसा तो पुन्हा कधी आणला नाही. खुणांच्या मधल्या जागेत जायची त्याला भीती वाटायची. हेही मी त्याला बोलले नाही.

आणि आता ते, जे लिहायला मी हा कागद घेतला. कुसुमवहिनींना तो डबा कधीच आवडला नाही. मला म्हणाल्या होत्या, "ताई, गिटार लागली. माणसाचं काय? मागून गाडी आली तर तो डबा सांगणार हाय?" एकदा नाक्यावर रिक्षा त्याच्या अगदी पोटरीला लागून थांबली होती. वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "ते माझं ऐकत नायत. तुमचं ऐकतात. कानाचं मशीन घ्या म्हणून सांगा त्यांना. गाताना काढून ठेवा म्हणावं, पण रस्त्यावर तरी घाला." किती साधी गोष्ट होती. मी म्हटलं, "वहिनी, त्याला त्रास होतो त्याचा. जरा राहू दे." मला वाटायचं मी त्याची बाजू घेते आहे. खरं म्हणजे मला गाताना मागे गिटार हवी होती, आणि मशीन पुन्हा कानात गेलं तर तो वाजवणं सोडून देईल याची भीती होती. वहिनींनी पुन्हा मला विचारलं नाही.

त्या सकाळी तो मासळी आणायला गेला होता. हायवेच्या कडेला रस्त्याचं काम चालू आहे, तिथे खडी टाकून डंपर मागे येत होता. मागे माणूस उभा केलेला नव्हता. सुधाकर पिशवी घेऊन पाठमोरा चालत होता. चहाच्या टपरीवरच्या बाईनं मला नंतर सांगितलं, "मी वरडले, मामा बाजूला व्हा, मामा... आनी लोक पन वरडले. ते वळलंच नायत. मला वाटलं कसल्या विचारात हायत." ड्रायव्हर पंचविशीचा, झारखंडकडचा. लोकांनी त्याला खाली ओढून बेदम मारलं. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा तोही तिथेच एका बाकावर होता, शेजारी पोलीस, ओठ फाटलेला. येईल-जाईल त्याला तो एकच सांगत होता, "हॉर्न दिया था. कसम से, हॉर्न दिया था." कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. मी बघितलं आणि पुढे गेले.

पेपरात बातमी आली, हॉर्न न वाजवता डंपर मागे घेतल्यानं कलावंताचा मृत्यू. आठवड्यानं शोकसभा झाली. मोठी माणसं बोलली, चांगलं बोलली. त्यातल्या एकानं टेबलावर हात आपटून विचारलं, "ज्या माणसाला तारेतला केसाएवढा फरक कळत होता, त्याला हॉर्न ऐकू आला नसता? तो ड्रायव्हर खोटं बोलतो आहे!" टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. मी पहिल्या रांगेत होते, माझ्या शेजारी वहिनी, पलीकडे त्यांची मुलगी प्रज्ञा. मी मान खाली घातली. वहिनींनी नाही घातली. त्या बोलणाऱ्याकडे शेवटपर्यंत बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोलादपूरला माझ्या दारात उभ्या. आत आल्या नाहीत. "ताई, त्या पोराला जामीन मिळत नाय म्हणतात. मी ठाण्यात जाऊन सांगणार हाय, ह्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून. प्रज्ञा नको म्हणते, केस ढिली पडेल म्हणते. तुम्ही येता का नाय, तेवढं सांगा." मी म्हटलं, "सुधाकरला चाललं असतं का, वहिनी? त्यानं कुणाला सांगायचं नाही म्हणून..." त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. "त्यांचं ऐकून ऐकून काय झालं ते दिसलं ना?" एवढंच म्हणाल्या. मी चपला घातल्या.

जबाब घेणाऱ्या हवालदारांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "बाई, विचार करून सांगा. गिटार वाजवणारा माणूस बहिरा होता म्हणता?" वहिनी म्हणाल्या, "हो. मागे माणूस उभा केला नाय ही त्यांची चूक हाय, ती पण लिहा. पण पोरगा हॉर्न देत होता हे खरं हाय, ते पण लिहा." मग माझ्याकडे वळून, "आता ह्या सांगतील." मी पुण्याचं सांगितलं, ट्यूनरचं सांगितलं, मशीन नको असं मी म्हटल्याचंही सांगितलं. हवालदार म्हणाले, शेवटचं लिहायची गरज नाही. मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं की नाही, मला माहीत नाही. त्या मुलाला पुढच्या आठवड्यात जामीन मिळाला, केस चालू आहे. वाडीत काहीजण वहिनींशी बोलत नाहीत. मंडळाचे एक कार्यकर्ते मला म्हणाले, एवढ्या मोठ्या कलावंताला मेल्यावर बहिरा केलंत तुम्ही दोघींनी. बहिरा असून तो तीन वर्षं सुरात वाजवत होता, हे ज्यांना मोठं वाटत नाही त्यांना काय सांगायचं?

जबाब देऊन एसटीनं परत येताना महाडच्या स्टँडवर वहिनी मला म्हणाल्या, "मला तुमचा राग आलेला, ताई. अजून हाय." मी म्हटलं, "माहीत आहे." "तरी येत जा," त्या म्हणाल्या.

मी रविवारी जाते. गिटार तिथेच आहे, चादर घातलेली. आम्ही गाण्याचं फारसं बोलत नाही. वहिनी मशिनवर बसतात, मी काजं करून देते. परवा मी खिडकीशी पाठमोरी बसून सुईत दोरा ओवत होते. वहिनी उठल्या, खोली ओलांडून माझ्यासमोर आल्या, माझ्या कोपराला हात लावला, मी वर बघेपर्यंत थांबल्या आणि मग ओठ नीट हलवत, मोठ्यानं विचारलं, "चहा... ठेवू?" मी म्हटलं, "वहिनी, मला ऐकू येतं."

त्या तशाच उभ्या राहिल्या. "व्हय गो," म्हणाल्या. हात कोपरावरून काढायला त्यांना थोडा वेळ लागला.